अष्टमीला काढलेली रेघ

दोरी मी सोडली, जना.

लोकांना सांगितलंय की हातातून सुटली. पंचनाम्यात लिहिलंय की तुझा पाय घसरला. दोन्ही खोटं आहे. दोरीचे दोन वेढे माझ्या उजव्या हाताला होते आणि दुसरं टोक तुझ्या कमरेला. तू खाली बांधातल्या उघाडीच्या, पाणी सोडायच्या दाराच्या तोंडाशी छातीभर पाण्यात उभा राहून पहारीनं दगड उचकत होतास. माझ्या डाव्या पायाखालची माती हलली. बघितलं तर दोन हातांवर बांधाला खांड पडलेली आणि खाडी आत यायला लागलेली. दोरी ताठ झाली. मी एक पाऊल खेचली गेले. मग आणखी एक. मग मी वेढे काढले. आधी एक, मग दुसरा. दोन वेढे काढायला वेळ लागतो, तेवढ्यात माणूस विचार करू शकतं. मी केला. तू वर बघत होतास.

काल तुझं दहावं झालं. मंगळवारी तेरावं आहे आणि मंगळवारीच आपल्या शेताची सुनावणी आहे. शुक्रवारी नारळी पुनव, म्हणजे पुन्हा उधाण. बांधाची खांड अजून बांबू आणि वाळूच्या गोण्या लावून बुजवलेली आहे. या चार गोष्टी माझ्या डोक्यात एकीमागून एक फिरतात. तुझ्या बायकोनं, मंदानं, आज दोनदा माझं भरलेलं ताट परत नेलं. "तुम्ही पण जा आता त्यांच्या मागं," म्हणाली. रागानं म्हणाली ते बरं झालं. गळ्यात पडून रडली असती तर मी काय करणार होते?

त्या दिवशी आपण का गेलो तेही लोक विचारतात. दोन म्हातारी माणसं, मी सत्तरीच्या पुढची, तू पासष्टचा, भर पावसात बांधावर कशाला? तर आषाढातली अवस होती. गावातले सगळे तरणे गटारी साजरी करून पसरलेले. दुपारची भरती चढत होती आणि तू दारात येऊन उभा राहिलास. डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, हातात पहार.

"बाय, खालच्या चाळीत पानी शिरतंय. फळी बसलेली नाय."

"मग पोरांना उठव."

"उठवून आलो. एक जण मला हॅपी गटारी बोलला."

मी हसले होते, जना. तुझ्याबरोबरचं शेवटचं हसू ते. मग मी फणीसारख्या दातांचा आबांचा जुना पावडा शोधायला गेले, तर तू ओरडलास, "पावडा राहू दे, दोरी घे!" दोरी घ्यायला तू सांगितलीस. हे मी स्वतःला सारखं सांगते. उपयोग होत नाही.

आपले आबा उघाडीचे राखणदार होते. भरती चढली की खाचेत फळी टाकायची, खाडी बाहेर राहिली पाहिजे. ओहोटी लागली की फळी उचलायची, शेतातलं पावसाचं पाणी बाहेर गेलं पाहिजे. एवढंच काम, पण एक भरती चुकली तर गावाचं भात खारं व्हायचं. घड्याळ नव्हतं. तिथीवर चालायचं. अवसेला आणि पुनवेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे खाडी सुस्त, पाणी चढतं पण पोटऱ्यांच्या वर येत नाही. मी चौथीपर्यंत शिकले, मग शाळा सुटली आणि मी आबांच्या हाताखाली फळी उचलायला लागले. तू शिकलास. मॅट्रिक झालास, ड्रॉइंगचा कोर्स केलास आणि नकाशाची कामं घेणाऱ्या एका खाजगी कंपनीत ट्रेसर म्हणून लागलास. डोंबिवलीहून रोज इस्त्रीचा शर्ट घालून जायचास. आबा लोकांना सांगायचे, "आमचा जना जमीन कागदावर काढतो." मला तेव्हा मत्सर वाटायचा. आता सांगायला हरकत नाही.

माझा नवरा गेला त्या वर्षी लावणीला तू पंधरा दिवस रजा टाकून आलास. तुला भात लावता येत नव्हतं. तू शेताच्या दोन टोकांना खुंट्या मारल्यास, सुतळी ताणलीस आणि सुतळीला धरून रोपं लावत निघालास. बायका चिखलात बसून हसल्या. "अगं, जनाभाऊचं भात परेडला उभं राह्यलंय!" तू मान वर केली नाहीस. पंधरा दिवसांनी तुझी पाठ धरली आणि ऑफिसात बोलणी खाल्लीस. तुझ्या रांगांना त्या वर्षी चांगलं पीक आलं. तेव्हा मी तुला काही म्हटलं नव्हतं. आता म्हणते. तू नसतास तर त्या वर्षी मी शेत सोडलं असतं.

पण त्याच्यापुढचं भांडण आपलं मिटलं नाही, आणि ते मी तू मेलास म्हणून सोडून देणार नाही.

तुमच्या कंपनीला खाडीकाठाच्या नकाशाचं काम मिळालं होतं. खाडीचं पाणी कुठपर्यंत चढतं त्याची रेघ काढायची होती. रेघेच्या खाडीकडच्या बाजूला काही बांधायचं नाही, अलीकडे चालेल. फाल्गुनात जीप घेऊन तुम्ही पाच जण आलात. तुझा साहेब छत्री धरून बांधावर उभा होता. माणसं पाण्याच्या कडेला खुंट्या ठोकत होती. मी गवत कापत होते. मी विचारलं, "जना, आज तिथी कुठली?"

तू खुंट्या मोजत राहिलास.

"अरे, आज अष्टमी. भांगाच्या दिवशी कसलं माप घेतोस? पुनवेला ये. पाणी तुला स्वतः दाखवील कुठपर्यंत येतं ते."

साहेबानं विचारलं, "काय म्हणतात बाई?"

तू म्हणालास, "काही नाही सर, घरचं बोलतात."

उघाडीच्या राखणदाराचा पोरगा तू. त्या खुंट्या चूक आहेत हे साहेबाला ठाऊक नव्हतं, जीपच्या ड्रायव्हरला ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक होतं. साहेबाला तोच दिवस मोकळा होता म्हणून तुम्ही अष्टमीला आलात, आणि तू गप्प राहिलास. ऑफिसात जाऊन ती रेघ तूच शाईनं काढलीस, तुझ्या त्या सुंदर हातानं. आपलं खोलगट शेत, शेजारचं शेत, तिवरांची अर्धी पट्टी, सगळं रेघेच्या अलीकडे कोरडं झालं. कागदावर.

मग जे व्हायचं ते झालं. शेजाऱ्यानं शेत भरावाला दिलं. डंपर आले. तिवरं आधी वाळली, मग एका आठवड्यात दिसेनाशी झाली. त्यांच्या मुळांत लपणारे चिंबोरे रस्त्यावर आले आणि लोकांनी बादल्या भरभरून नेले. मेजवानी झाली. कोणाला वाईट वाटलं नाही, मलाही नाही. मीही रस्सा केला होता.

तू रिटायर झालास आणि मग उधाणाच्या दिवशी पोट दुखतंय म्हणून शेतातली कामं टाळायला लागलास. आधी मला वाटलं खरंच दुखतंय. मग एका पुनवेला दुपारी बघते तर तू चुन्याची डबी आणि ब्रश घेऊन खाडीवर. पाणी जिथपर्यंत चढलं तिथं विजेच्या खांबाला, झाडाला, लोकांच्या कुंपणाच्या भिंतीला पांढरी खूण करत फिरत होतास. एकीनं दारातून शिव्या दिल्या, "ओ काका, कालच रंग दिलाय!" दर पुनवेला, दर अवसेला. घरी येऊन ट्रेसिंग पेपरवर निळ्या पेन्सिलीनं नवी रेघ. मी विचारलं, "आता कोण बघणार हे?" तू म्हणालास, "तू बघ."

म्हणून मी बघितलं. नखाएवढं आपलं शेत आहे हे तू मला शिकवलंस. हा नाला, ही चाळ, ही तिवरं, हा डोंगर. मग मीच तुझ्या चुका काढायला लागले. "इथं पाणी सरळ जात नाही, वळतं. इथं पूर्वी तळं होतं, आता बुद्धविहाराच्या मागं बोळ आहे ना, तिथं." तू खोडून परत काढायचास. एवढ्यावर थांबला नाहीस. मला डबा बांधायला लावून आंबिवलीला घेऊन गेलास, नदीकाठच्या शेतकऱ्यांना विचारायला की पूर आला की तुमच्याकडे पाणी किती दिवस थांबायचं. एक म्हातारी भेटली, माझ्याच वयाची, तोंडात मिश्री. ती म्हणाली, "पूर्वी चार दिवस थांबायचं. आता थांबतच नाय. थांबायला जागाच नाय ठेवली, सरळ तुमच्याकडं धाडतो." आणि हसली. तू हसला नाहीस. वहीत लिहून घेतलंस. परत येताना रस्ताभर एकच बोलत होतास. डोंगर, शेती, शहर हे वेगवेगळ्या ऑफिसांत वेगवेगळ्या कागदांवर काढतात, पाणी मात्र एकच आहे. वर डोंगर खरवडला की नदीकाठी गाळ, नदीकाठी भराव टाकला की खाडीत लोंढा, खाडीकाठी भराव टाकला की चाळीत पाणी. मी म्हटलं, "हे मला चौथीत माहीत होतं." तू म्हणालास, "तुला होतं गं. मी विसरलो होतो."

एवढीच कबुली तू दिलीस. आंबिवली स्टेशनच्या जिन्यावर, धापा टाकत. मला पुरली नाही. मी म्हटलं, "साहेबासमोर बोलला असतास तर!" तू पुढं दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस.

तुझा नीलेश घोडबंदर रोडला एकविसाव्या मजल्यावर राहतो. वास्तुशांतीला गेलो तेव्हा तू मला गॅलरीत नेलंस. खाली सगळं खेळण्यासारखं. खाडी चकाकत होती, दुसऱ्या बाजूला जंगल, मधे गाड्यांची रांग, हलत नव्हती. तू म्हणालास, "बघ बाय, नकाशाच." मी म्हटलं, "म्हणून तर चुकलास. वरून बघत बसलास." नीलेशची बायको शिरा घेऊन आली होती, ती गोंधळली. तुला मात्र ते लागलं. लागावं म्हणूनच म्हटलं होतं. आता वाटतं, वास्तुशांतीच्या दिवशी नको होतं म्हणायला.

आता मंगळवारचं सांगते.

नवा आराखडा आलाय, तीच जुनी रेघ धरून, त्यावर हरकती मागवल्यात. तू मरायच्या आधी आपली हरकत लिहून दिलीस, खाली तुझी सही, माझी सही. सुनावणीचं पत्र तू गेल्यावर पाचव्या दिवशी आलं, तुझ्या नावानं. पोस्टमन विचारत होता, "सही कोण करणार?" मी केली.

आणि काल दहाव्याहून आल्यावर नीलेशनं ओसरीत बसून पिशवीतून कागद काढला. शेत भरावासाठी द्यायचं संमतीपत्र. अर्धं शेत तुझं, म्हणजे आता त्याचं आणि मंदाचं. अर्धं माझं. माझ्या सहीशिवाय होत नाही.

"आत्या, मी पैशासाठी नाही बोलत," म्हणाला.

"मग?"

"मला ती जागा बघवत नाही. गाडी पुलावरून गेली तरी मी मान फिरवतो. बाबा तिथं सापडले. त्यावर माती पडू दे. बिल्डिंग होऊ दे. संपू दे ना ते."

मी तयारीत होते. तो पैशाचं बोलेल आणि मी त्याला झाडेन, असं ठरवून बसले होते. आणि तो हे बोलला. चष्मा काढून पुसत होता. तुझ्यासारखा पुसतो, सदऱ्याच्या टोकानं, आणखी मळवतो.

मग मी म्हटलं, "मंगळवारी मी सुनावणीला जाणार आहे."

"तेराव्याला? अगं, लोक काय म्हणतील? आणि काय सांगणार तिथं?"

"रेघ अष्टमीला काढली ते सांगणार. कुणी काढली ते सांगणार."

त्याचा चेहरा पडला. "आत्या, बाबांचं नाव नको ना खराब करू. तेरा दिवस नाही झाले माणूस जाऊन."

मंदा आतून सगळं ऐकत होती. बाहेर आली, म्हणाली, "नीलेश, खालच्या चाळीत जाऊन ये आधी." एवढंच. आणि परत आत गेली.

तो गेला नाही. मी गेले. आज सकाळी. जना, चाळीत पाणी ओट्यापर्यंत आलं होतं, घरात शिरून खाटेच्या पायाला लागलं आणि थांबलं. कोकणातली, देशावरची माणसं, सगळी कामावर जाणारी, पोरं घरात कोंडलेली होती त्या दिवशी. पाणी थांबलं कारण बांधाला खांड पडल्यावर खाडी आपल्या खोलगट शेतात भरली. शेजारच्या भरावावर चढता येईना म्हणून सगळी आपल्याकडे वळली. तूही तिच्याबरोबर तिकडेच गेलास. भरावाच्या ढिगाला अडकून सापडलास, आपल्याच शेतात. ते शेत भरलं असतं तर तेवढं पाणी खाटांच्या वर गेलं असतं. एका पाच-सहा वर्षांच्या मुलीनं मला भिंतीवरची रेघ दाखवली. "आजी, इथपर्यंत आलेलं." तिच्या कानाएवढी उंच दाखवत होती. आई म्हणाली, खोटं बोलते, गुडघ्याएवढं होतं. पण शुक्रवारी पुनव आहे, खांडीत गोण्या आहेत आणि डंपर परत यायला लागलेत. पोरगी कदाचित पुढचं सांगत असेल.

रात्री झोप येत नाही ती याच्यामुळे. तुझ्यामुळे नाही, उगाच मोठेपणा घेऊ नकोस.

मला भीती कसली वाटते ते सांगते. साहेबासमोर उभं राहायची नाही. मी चौथी शिकलेली, ते मला काय विचारणार? भीती ही की मी अर्धंच सांगेन. पोलिसांना मी अर्धंच सांगितलं. म्हटलं, भाऊ बांधावर गेला, पाय घसरला. भरावाची माती आणि दगड उघाडीच्या खाचेत आले होते, म्हणून फळी बसत नव्हती, हे मी बोललेच नाही. आबांनी बांधावर रोवलेला सागाचा खुंटा होता, दोरी बांधायला. तो मागच्या महिन्यात डंपरनं मोडला, हेही नाही. का नाही बोलले? कारण खुंटा म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग दोरी कुठं बांधली होती? आणि मग हात. माझा. म्हणून मी पाय घसरला म्हटलं आणि सगळे सुटले. डंपरवाला सुटला, भराव टाकणारा सुटला, मी सुटले. कागदावर एकटा तू राहिलास, घसरणारा म्हातारा.

मी तुला वर्षानुवर्षं टोचलं की बांधावर साहेबानं विचारलं तेव्हा गप्प का राहिलास. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मीही एका माणसासमोर उभी राहून "काही नाही, पाय घसरला" म्हटलं. तुला तरी नोकरी राखायची होती. मला काय राखायचं होतं?

तुझा ट्रेसिंग पेपर मी गादीखालून काढला. सपाट राहावा म्हणून तू तिथं ठेवायचास. निळ्या रेघा, चुन्याच्या खुणांचे ठिपके, प्रत्येकापाशी तिथी. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात तू लिहिलंयस, "माहिती: बाय." नावसुद्धा नाही. नुसतं बाय. हसावं की काय करावं? सुनावणीला दाखवायचा कागद आणि त्यावर बाय. साहेब विचारील, ही बाय कोण?

दुपारी नीलेशला फोन केला. म्हटलं, "मंगळवारी सकाळी गाडी घेऊन ये. तेराव्याचं जेवण मंदा बघेल. मला सोड तिथं, आणि आत येऊन बस. मला जे सांगायचं ते तू तिथंच पहिल्यांदा ऐकायचंस."

"काय सांगायचंय?"

"तिथं."

मग म्हणाला, "किती वाजता?" बस. येतो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. मी त्या "किती वाजता"ला धरून बसले आहे. संमतीपत्र अजून ओसरीवर पाटाखाली आहे. ते ऐकल्यावर तो ते फाडेल की मला कायमची सोडेल, मला कळत नाही. दोन्ही करील कदाचित. चालेल. चाळीतली पोरगी मात्र खोटी ठरली पाहिजे.

सांगायचं ते मी पाठ केलंय. सकाळपासून मोठ्यानं म्हणून बघते, मंदाला वाटतं मी देवाचं म्हणते. म्हणेन, ही रेघ माझ्या भावानं काढली, अष्टमीला, आणि ती चूक आहे. ही दुसरी रेघही त्यानंच काढली, पुनवेला आणि अवसेला, आणि ती बरोबर आहे. हिच्या खाडीकडच्या बाजूला भराव टाकू नका, तिथं पाण्याला जागा राहू द्या.

मग ते विचारतील, बाई, तुम्ही कोण, तुम्हाला हे कसं माहीत?

सांगेन, अवसेच्या दिवशी उघाडीवर आम्ही दोघं होतो. फळी बसेना म्हणून भाऊ खाली उतरला. दोरी माझ्या हातात होती, ती मी सोडली. तो बुडाला. मी जिवंत आहे.